दुतोंड्या मारुती आणि आमचं संकेतस्थळ



आजचा विषय वाचून आमच्या घरातले लोक हसणार, हे मला माहीत आहे. संकेतस्थळ कसं असावं यावर मी बोलायचं म्हणजे जरा अतीच झालं. मी मराठीचा मास्तर. बी.ए. झालो तेही मराठीतून. उभा जन्म खडू आणि फळा यात गेला. निवृत्तीनंतर नातेवाइकांच्या आग्रहाने हा ब्लॉग सुरू केला आणि 'बरहा'वर एकेक अक्षर शोधत टंकायला शिकलो. पण चूक ज्याने केली, त्यालाच ती समजावून सांगण्याचा हक्क जास्त असतो असं मला वाटतं. आणि या बाबतीत मी चांगली भरभक्कम चूक केलेली आहे.

आधी नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे गोदाघाटावर, रामकुंडाजवळ, नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची मूर्ती उभी आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सारं नाशिक एकच प्रश्न विचारतं, "मारुतीला पाणी कुठवर लागलंय?" पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. बस्स. किती क्युसेक विसर्ग झाला हा आकडा वर्तमानपत्रात येतो, अधिकाऱ्यांना तो लागतोही. पण भांडीबाजारातल्या दुकानदाराने माल वरच्या मजल्यावर कधी न्यायचा, हे त्याला मारुती सांगतो. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीला ते कळतं आणि इंजिनीअरलाही कळतं. कुणाला काही शिकवावं लागत नाही. लोकांना जे हवंय ते, हवं त्या वेळी, समजेल अशा रीतीने सांगणारी वस्तू म्हणून याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

संकेतस्थळ असं असावं, एवढंच आज सांगायचं आहे. पण तिथपर्यंत यायला मला जवळजवळ सोळा वर्षं लागली. ती हकीकत ऐका.

२००५ साली आमच्या शाळेचा मोठा उत्सव झाला. स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे होतं. त्याच सुमारास एका माजी विद्यार्थ्याने शाळेचं संकेतस्थळ बनवून द्यायची तयारी दाखवली. आमच्या समितीला काय आनंद! मग सूचनांचा पाऊस पडला. त्यातल्या निम्म्याहून अधिक सूचना माझ्याच होत्या, हे कबूल करतो. पान उघडताच सनई वाजली पाहिजे. कोपऱ्यात समईची ज्योत हलती पाहिजे. वरून "हार्दिक स्वागत" अशी पट्टी सरकत जायला हवी. खाली "आपण इतकेवे पाहुणे आहात" असा आकडा हवा. आत शिरायला "प्रवेश करण्यासाठी येथे टिचकी मारा" असा एक दरवाजा हवा. गडद जांभळ्या रंगावर लाल अक्षरं हवीत, कारण शाळेच्या ध्वजाचे रंग तेच. त्या मुलाने हूं की चूं न करता सगळं करून दिलं. मास्तरांना नाही कोण म्हणणार?

स्मरणिकेतले लेख त्यावर चढवले. छापखान्याने ज्या फाँटमध्ये अक्षरजुळणी केली होती, त्याच फाँटमध्ये काही लेख तसेच टाकले, आणि काही पानांचे सरळ फोटो. पडद्यावर मराठी अक्षरं दिसत होती. आमच्या मते काम फत्ते.

आता तो फाँटचा घोळ काय होता, ते सांगतो. आज मोबाइलवर सरसकट मराठी लिहिणाऱ्या मुलांना हे पुराणकाळातलं वाटेल. आमच्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा होतो. त्यात माणूस देवाचा मुखवटा चढवून नाचतो. पाहणाऱ्याला देव दिसतो, पण मुखवट्याखाली माणूस तोच असतो. जुने मराठी फाँट नेमके असे होते. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची आणि वर मराठी मुखवटा. मुखवटा, म्हणजे तो विशिष्ट फाँट, तुमच्या संगणकावर नसला की खालचा चेहरा उघडा पडायचा आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा काला दिसायचा. त्यातून प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. एकाचा 'क' जिथे, तिथे दुसऱ्याचा 'त'.

युनिकोडने हे सोंग संपवलं. त्यात जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला आपला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो युनिकोडमध्येच. म्हणजे आम्ही २००५ साली जे केलं, त्याला 'तेव्हा सोयच नव्हती' असं म्हणता येणार नाही. सोय होती. आम्ही विचारलं नाही. त्या काळात मोठमोठ्या वृत्तपत्रांची संकेतस्थळंसुद्धा अशाच फाँटांवर चालत होती, तेव्हा आपण कोण शहाणे, असं म्हणून गप्प बसलो.

त्या स्मरणिकेत आमच्या एका सहकाऱ्याचा लेख होता. विज्ञानाचे शिक्षक. नाव देत नाही, त्यांना स्वतःचं नाव मिरवलेलं कधी आवडलं नाही. १९६९ च्या महापुरात त्यांनी जे पाहिलं, ते त्यांनी सात पानांत लिहिलं होतं. पाणी कुठल्या गल्लीत कधी शिरलं, लोक कुठे चढून बसले, ओसरल्यावर चिखल किती दिवस उपसला, सगळं. स्वभावच नोंदी ठेवण्याचा. दर पावसाळ्यात एकदा तरी ते वर्गाला घाटावर न्यायचे, मारुतीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "बोला, पाणी कुठवर?" मुलांनी वहीत लिहायचं. पुढे सर गेले. त्यांच्या हातच्या नोंदवह्या घर बदलताना कुठे गेल्या, ते घरच्यांनाही सांगता येत नाही. उरला तो हा लेख.

२०२१ साली एका विद्यार्थ्याचा फोन आला. आमच्या शाळेतला १९८२ सालचा आठवीचा मुलगा. आता तोही पन्नाशी ओलांडलेला. दृष्टिपटलाच्या आजाराने त्याची नजर हळूहळू गेली, हे मला त्या दिवशी कळलं. बँकेत नोकरी करतो. संगणक बोलून दाखवतो आणि तो ऐकतो. त्यासाठी 'एनव्हीडीए' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने ते लिहायला घेतलं. ते मराठीही वाचतं.

तो म्हणाला, "सर, आपल्या सरांचा पुरावरचा लेख कुठे मिळेल? मी त्यांचं नाव टाकून शोधलं. गोदावरी, महापूर, १९६९, सगळं टाकून बघितलं. काहीच येत नाही."

मी ऐटीत म्हटलं, "अरे, शाळेच्या संकेतस्थळावर आहे की! कधीपासून आहे." आणि त्याला दुवा पाठवला.

दहा मिनिटांनी त्याचा परत फोन. "सर, उघडलं. पहिल्यांदा सनई वाजायला लागली, त्यात संगणकाचा आवाजच ऐकू येईना. ती कशीबशी बंद केली. मग 'येथे टिचकी मारा' असं ऐकू आलं. मारली. आत गेलो तर तो नुसती इंग्रजी अक्षरं बडबडतोय. एकेक अक्षर, काही अर्थ नाही. आणि काही पानांवर तर तो गप्पच. म्हणतो, चित्र."

मी माझ्या संगणकावर पान उघडलं. माझ्या जुन्या यंत्रावर तो फाँट होता, म्हणून मला सगळं छान दिसत होतं. मग नातीच्या मोबाइलवर उघडून पाहिलं. तिथे मराठीचा एक शब्द धड नव्हता. म्हणजे सोळा वर्षं आम्ही तो लेख जगाला दाखवतोय असं समजत होतो, आणि तो दिसत होता मला आणि माझ्यासारख्या दोन-चार जणांना.

मंडळी, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. सरांचा लेख मी छापून हरवला होता.

आता मुद्द्याकडे येतो. या प्रकरणातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली, आणि तीच या लेखाचं सार आहे. त्या मुलाला लेख *सापडला* नाही आणि सापडल्यावर *वाचता* आला नाही, या दोन निरनिराळ्या तक्रारी नव्हत्या. तक्रार एकच होती. कारण शोधयंत्र हाही एक दृष्टिहीन वाचक आहे.

गूगलसारखी शोधयंत्रं आपला एक निरोप्या महाजालावर फिरवत असतात. तो एका पानावरून दुव्यांच्या वाटेने दुसऱ्या पानावर जातो आणि वाचेल ते टिपून ठेवतो. समईची ज्योत त्याला दिसत नाही, सनई ऐकू येत नाही. त्याला कळतात ते शब्द, मथळे, दुवे. मुखवट्याच्या फाँटमधला मजकूर त्याच्या लेखी इंग्रजी कचरा. तिथे 'गोदावरी' हा शब्द नव्हताच, तर तो सापडणार कसा? फोटोतली पानं म्हणजे त्याला बंद कपाट. आता काही शोधयंत्रं चित्रातली अक्षरंही ओळखायचा प्रयत्न करतात हे खरं, पण जुन्या पुसट छपाईतल्या जोडाक्षरांपुढे त्यांची दमछाक होते. आपण कशाला परीक्षा पाहावी?

माझा एक भाचा पुण्यात याच धंद्यात आहे. लोकांची संकेतस्थळं शोधात वर आणून देतो. त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, मी करून देतो. पानाच्या तळाशी नाशिक पूर, नाशिक महापूर, गोदावरी पूर, रामकुंड पूर असे पन्नास शब्द टाकून देऊ. पांढऱ्यावर पांढरे. माणसाला दिसणार नाहीत, यंत्राला दिसतील."

मी म्हटलं, "म्हणजे परीक्षेत बाकाखाली चिठ्ठी."

तो हसला. पण त्यालाही हे माहीत होतं की ही चिठ्ठी आता पकडली जाते. लपवलेले शब्द गूगल लबाडी समजतं आणि पानाला मागे ढकलतं. पानाच्या पोटात गुपचूप भरायच्या खास 'कीवर्ड'चा क्रम लावताना आपण विचार करत नाही, हे तर गूगलने २००९ सालीच जाहीर केलं. मग खरं काय चालतं? भाचा जरा वेळाने म्हणाला ते मला आवडलं. म्हणाला, "खरं सांगू मामा? नव्वद टक्के वेळा मी लोकांना तेच सांगतो जे तुम्ही निबंधाच्या तासाला सांगत होता. मथळा नीट द्या, परिच्छेद पाडा, विषय सोडू नका."

तेव्हा मी, भाचा आणि नात असे तिघे मिळून कामाला लागलो. छापील स्मरणिका माळ्यावरून काढली. नातीने मोबाइलने पानांचे फोटो काढून त्यातून अक्षरं उतरवली. त्यात 'घाट'चा 'धाट' आणि 'भरला'चा 'मरला' झालेला. मी चार दुपारी बसून मुद्रितशोधन केलं. जन्मभर वह्या तपासल्याचा तेवढा उपयोग. मग नवं पान बांधलं. ते बांधताना जे शिकलो ते माझ्या ब्लॉगर मित्रांसाठी लिहितो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

पहिली गोष्ट मथळ्याची. आमच्या जुन्या संकेतस्थळावर प्रत्येक पानाचं नाव एकच होतं, 'मुखपृष्ठ'. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीसही जणांचं नाव बाळू ठेवलं तर हजेरी कशी घेणार? प्रत्येक पानाला त्याचं स्वतःचं, आत काय आहे ते सांगणारं नाव हवं. आम्ही दिलं, "नाशिकचा १९६९ चा गोदावरी महापूर: एका शिक्षकाच्या आठवणी". शोधाच्या यादीत बहुधा हेच नाव दिसतं, आणि दृष्टिहीन वाचकाला पान उघडताच पहिल्यांदा हेच ऐकू येतं.

दुसरी, उपमथळ्यांची. नुसतं अक्षर ठळक केलं की डोळ्यांना ते मथळ्यासारखं दिसतं, पण यंत्राला नाही. लिहिण्याच्या सोयीत 'मथळा १', 'मथळा २' असे प्रकार दिलेले असतात, ते वापरावेत. त्यामुळे आमचा विद्यार्थी एक कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. आपण पुस्तक चाळतो ना, तसं त्याला चाळता येतं.

तिसरी गोष्ट दुव्यांची. 'येथे टिचकी मारा' हा आपल्या सगळ्यांचा लाडका प्रयोग. मीही या ब्लॉगवर शेकडो वेळा केलेला आहे. पण वाचून दाखवणाऱ्या यंत्रात पानावरचे सगळे दुवे एका यादीत मागवता येतात. त्या यादीत त्याला काय ऐकू येतं? येथे टिचकी मारा, येथे टिचकी मारा, येथे टिचकी मारा. कुठे जायचं, का जायचं, काही नाही. आणि शोधयंत्र तर दुव्याच्या शब्दांवरूनच पुढच्या पानाचा अंदाज बांधतं. गूगलचा १९९८ चा मूळ विचारच असा की एक पान दुसऱ्याकडे बोट दाखवतं म्हणजे ते त्याची शिफारस करतं. डॉक्टर कोणता चांगला, हे आपण गल्लीत चार जणांना विचारतो तसंच. मग बोट दाखवताना नाव नको का घ्यायला?

चौथी, रंग आणि आकार. हे मला मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी कळलं असतं तर पटलं नसतं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं हल्ली फार चालतात. तरुण डोळ्यांना ती नाजूक दिसतात, आमच्या डोळ्यांना ती दिसतच नाहीत. यासाठी माप आहे. महाजालाची मानकं ठरवणाऱ्या 'डब्ल्यू-थ्री-सी' या संस्थेने २००८ साली सांगितलं की नेहमीच्या आकाराचं अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढा फरक हवा. आमचं जांभळ्यावरचं लाल त्यात सपशेल नापास. शिवाय देवनागरीला ओळीच्या वर रफार, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापाने ओळी दाटीवाटीने बसवल्या की वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. ओळीत अंतर जरा सढळ ठेवावं.

पाचवी गोष्ट शुद्धलेखनाची. ही माझ्या जिव्हाळ्याची. शोधणारा माणूस जसं लिहितो आणि आपण जसं लिहितो, त्यात अंतर पडलं की भेट अवघड होते. 'ॲ' हेच अक्षर पाहा. 'अ' वर चंद्र देऊन ते दोन तुकड्यांत लिहिता येतं, आणि २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राच्या पोटात निराळे. आमच्या गावाचंही तेच. कुणी 'नाशिक' लिहितं, कुणी 'नासिक'. यावर शोधयंत्रं हल्ली बरीच सांभाळून घेतात. तरी आपण नियमाने लिहावं, आणि जुनं रूप लेखात कुठे सहज येत असेल तर येऊ द्यावं. मात्र भाच्याच्या त्या पन्नास शब्दांसारखं कोंबू नये. तसंच, हे पान मराठीत आहे अशी खूण पानाच्या पोटात करून ठेवावी. ती नसली तर वाचणारं यंत्र कधी मराठी मजकूर हिंदीच्या सुरात वाचायला लागतं, आणि 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. आपल्या शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी 'ल' आणि 'श' चं वळण ठरवून दिलं आहे. मुलांकडून ते घोटून घ्यायचं आणि संकेतस्थळावर मात्र विसरायचं, हे बरं नाही.

सहावी, पत्त्याची. संकेतस्थळ नव्याने सजवताना लोक पानांचे पत्ते बदलतात आणि जुन्या पत्त्यावर कुलूप लावून मोकळे होतात. कुणी जुना दुवा जपून ठेवलेला असतो, त्याला "पान सापडले नाही" एवढंच दिसतं. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावलं होतं की चांगले पत्ते बदलत नसतात. बदलावाच लागला तर पोस्टात अर्ज देऊन नव्या पत्त्यावर टपाल वळवतो, तशी सोय इथेही आहे. भाच्याने ती करून दिली.

आणि सनई बंद केली. समई विझवली. जड होती दोन्ही. नातीचं म्हणणं, "आजोबा, खेड्यात रेंज नसते, तिथे तुमची समई पेटेपर्यंत माणूस पान बंद करतो." कबूल.

सातवी आणि शेवटची गोष्ट चित्रांची. प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन चार शब्दांत लिहायची सोय असते. ते पडद्यावर दिसत नाही, पण दृष्टिहीन वाचकाला ऐकू येतं आणि शोधयंत्रालाही कळतं. सरांच्या लेखात एक फोटो होता. खाली छापलेलं होतं, 'क्षेत्रभेट, १९८२'. मी तेवढंच टंकून मोकळा होणार होतो. नात म्हणाली, "आजोबा, त्या काकांना यातून काय कळणार?" मग मी चष्मा लावून, भिंग घेऊन बसलो आणि लिहिलं:

"गोदाघाटाच्या पायऱ्यांवर आठवीचा वर्ग. मागे दुतोंड्या मारुती, पाणी मूर्तीच्या पायाशी. डाव्या टोकाला मिटलेली छत्री धरून सर. सगळी मुलं कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. पुढच्या रांगेत उजवीकडून दुसरा मुलगा मात्र मान वळवून मारुतीकडे पाहतो आहे."

पान तयार झालं तसा त्याला दुवा पाठवला. संध्याकाळी फोन आला. आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "सर, लेख दोनदा ऐकला. आणि तो फोटो... उजवीकडून दुसरा, तो मी आहे."

मला काही सुचेना. मी त्याला ओळखलं नव्हतं.

तो म्हणाला, "सरांनी सांगितलं होतं, कॅमेऱ्याकडे नका बघू, पाण्याकडे बघा. बाकी कुणी ऐकलं नाही. हा फोटो मी नजर होती तेव्हा कधी पाहिलाच नव्हता. आज पाहिला."

यावर मी काही लिहीत नाही.

काही महिन्यांनी पंचवटीतल्या एका अनोळखी गृहस्थांचं पत्र आलं. त्यांनी नुसतं 'नाशिक १९६९ पूर' असं टाकून शोधलं आणि सरांचं पान सापडलं. त्यांच्या वडिलांनी सांगितलेल्या गल्लीचा उल्लेख त्यात होता. पन्नास चोरटे शब्द न टाकता सापडलं, हे मी भाच्याला आवर्जून कळवलं.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, हे सगळं जुनं झालं. हल्ली लोक यंत्रालाच प्रश्न विचारतात आणि ते उत्तर तयार करून देतं, पान उघडतो कोण? भाचाही हेच म्हणतो. माझं म्हणणं असं की, ते यंत्रही कुठेतरी वाचूनच बोलतं. मराठीतलं चांगलं लिखाण जर फोटोत आणि मुखवट्याच्या फाँटमध्ये कोंडलेलं राहिलं, तर ते आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचेल आणि तेच आपल्याला सांगेल. आपल्या गावच्या पुराची गोष्ट आपल्या गावच्या मास्तरांच्या शब्दांत उरावी असं वाटत असेल, तर ती वाचता येईल अशी ठेवण्याचं काम आपलंच आहे.

आणि हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. आपल्या देशात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला लढवणाऱ्यांत दृष्टिहीन व्यक्ती आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या. बँकेच्या ओळखपडताळणीत "डोळे मिचकवा" म्हटलं, तर ज्यांना ते शक्य नाही त्यांनी काय करायचं? आणि तरीही टंकलेल्या मजकुराची प्रिंट काढून, त्यावर शिक्का मारून, ती तिरकी स्कॅन करून चढवण्याची रीत कार्यालयाकार्यालयांत चालू आहे. शिक्का हवा तर मारा, पण सोबत टंकलेला मजकूरही ठेवा. त्याला पैसा लागत नाही.

हे आत्ताच सांगण्याचं कारण २०२७ चा सिंहस्थ. कुंभमेळा म्हटला की संकेतस्थळं निघणार. शासनाची, संस्थांची, हॉटेलवाल्यांची, आणि आमच्यासारख्या हौशी मंडळींचीही. त्या सगळ्यांना एका म्हाताऱ्या मास्तराची हात जोडून विनंती आहे. गर्दीत माणूस चुकलाय, मोबाइलची बॅटरी संपत आलीय, रेंज येते-जाते, अशा बाईला डोळ्यांसमोर ठेवून पान बांधा. हरवल्याचा तपास कुठे करायचा, बस कुठून सुटते, कोणता घाट उघडा आहे, फोन नंबर काय, हे पहिल्याच पडद्यावर आणि खऱ्या अक्षरांत असू द्या, फिरत्या चित्रांत नको. वरती मंत्र्यांचे फोटो लावायचे तर खाली लावा.

फळ्यावर लिहिताना आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट शिकवली होती. लिहून झालं की वर्गाच्या मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसायचं आणि तिथून वाचून बघायचं. मी तीस-पस्तीस वर्षं ते केलं, आणि संकेतस्थळ बनवताना नेमकं विसरलो. माझ्या ब्लॉगर मित्रांनो, आपला एखादा जुना लेख आज दुसऱ्याच्या साध्या मोबाइलवर उघडून बघा. जमलं तर डोळे मिटून, यंत्राकडून वाचून घेऊन ऐका. मी या ब्लॉगवरचे 'येथे टिचकी मारा' एकेक करून बदलायला घेतले आहेत. साठेक झाले, बरेच उरलेत.

आमच्या धाकट्या वहिनी विचारणार, "भाऊजी, समई परत लावणार का?" नाही. समई देवघरात आहे, तिथेच बरी.

चूकभूल द्यावी घ्यावी.